बोअरच्या पाण्यातला साबण

दुष्काळाच्या वर्षी आमच्या गावात माणसं बाजेवर बसून आंघोळ करायची. बाजेखाली मोठी परात ठेवलेली असायची. अंगावरून गळलेलं पाणी परातीत जमायचं, त्यात पोरांचे कपडे निघायचे आणि उरलेलं दारातल्या झाडाला जायचं. आमच्या शिरूर कासारकडं हे सांगितलं तर कुणी मान वर करून बघणार नाही. पुढे पुण्यातल्या एका बाईंना सांगितलं, तर त्यांनी 'किती छान, पाण्याचा पुनर्वापर' म्हणून कौतुक केलं. मला हातातला कप खाली ठेवावा लागला.

सगळ्यात हाल बायकांच्या केसांचे. एरवी आमच्याकडं काळी माती, नाहीतर ताक, नाहीतर शिकेकाई लावून डोकं धुवायचे. त्या वर्षी गुरं चारा छावणीत गेली, म्हणजे ताक गेलं. माती आणि शिकेकाई या दोन्ही चांगल्या वस्तू, पण केसातून त्यांचा चोथा निघायला दोन बादल्या पाणी लागतं. माणशी एक घागर मिळत असताना चोथा डोक्यातच राहायचा. तरण्या पोरी चिडून म्हणायच्या, "ह्यापरीस मुंडण बरं."

तेव्हाच गावातल्या बायकांनी साबणाची सहकारी सोसायटी काढली. दुष्काळात बाकी काही पिकत नाही, पण कडुनिंबाला निंबोळ्या लागतात. त्या वेचायच्या, घाण्यावरून तेल काढून आणायचं, त्यात थोडं खोबरेल, आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी. अध्यक्ष माझी थोरली बहीण. तिला आम्ही अक्का म्हणतो. बायका तिला चेष्टेनं 'अध्यक्षीणबाई, आज शिक्का मारणार का पोळपाट धुणार?' असं विचारायच्या, आणि ती 'आधी पोळपाट, मग शिक्का' म्हणायची.

अक्का आणि दाजी दर दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. सोबत त्यांची पोरगी जायची, कारण घरी तिला बघायला कुणी नव्हतं. उन्हाळ्यात परत येईपर्यंत तिचा वर्ग पुढे निघून गेलेला असायचा. पोरगी हुशार होती. हे मी मावशी म्हणून म्हणत नाही, तिचे गुरुजीही म्हणायचे. ती सातवीत आली आणि अक्कानं मनाशी ठरवलं की यंदा साबण चालला तर कोयता हातात घ्यायचा नाही. दाजी एकटे जातील, मजुरी कमी मिळेल, पण मायलेकी गावात राहतील आणि पोरगी सलग वर्षभर शाळेत बसेल. साबण म्हणजे तिच्यासाठी एवढं सगळं होतं.

मी तेव्हा अंबाजोगाईला बी.एस्सी. करत होते. सुट्टीत गावी आले तेव्हा समाजमंदिरात पहिला घाणा चालला होता. सोड्याचं पाणी आपोआप तापतं, ते बेतानं तेलात सोडायचं आणि लाकडी दांड्यानं हलवत राहायचं. मिश्रण पिठल्यासारखं घट्ट झालं की साच्यात ओतायचं. वड्या कापून महिनाभर फळीवर वाळवायच्या, म्हणजे सोड्याचा तिखटपणा मरतो. तेल आणि सोडा एकमेकांत मुरले की त्यातून ग्लिसरीनही सुटतं. मोठ्या कारखान्यात बहुतेक वेळा ते काढून वेगळं विकतात, आमच्या वडीत ते तसंच राहिलं होतं. अंगाला लावलं तर कातडी तडतडायची नाही. मी आजही शपथेवर सांगेन की तो साबण चांगला होता.

पण तो अंबाजोगाईच्या पाण्यात चांगला होता. मी एक वडी वसतिगृहात नेली, तर मैत्रिणींनी फेसाचे डोंगर केले. गावात मात्र आंघोळ बोअरच्या पाण्यानं. बोअर जितकी खोल गेली तितका पाण्यात क्षार वाढला. त्या पाण्यात साबण घासला की फेस यायच्या ऐवजी पांढरी साय यायची. ती परातीच्या कडेला चिकटायची, केसांना चिकटायची, आणि वाळल्यावर केस घोंगडीसारखे व्हायचे. बायका वड्या परत घेऊन आल्या.

सोसायटीची बैठक भरली, तेव्हा मी पुन्हा गावी आले होते. मी उभी राहून सांगितलं की साबणात खोट नाही, पाण्यातल्या चुन्याशी त्याची गाठ पडते आणि त्याची साय होते. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग पानी बदलता येतंय का? न्हाई. साबन बदलता येतोय. तो बदला." मी खाली बसले.

परळीचा एक व्यापारी गावात माल टाकायला यायचा. त्यानं उपाय सांगितला, फेसाची पावडर. म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, जे दुकानात टांगलेल्या शाम्पूच्या पुड्यांमध्ये असतं तेच. हे तेलाच्या साबणासारखं नसतं, खाऱ्या पाण्यालाही फारसं जुमानत नाही, साय धरत नाही, आणि फेस भरपूर. अक्काला ते रुचलं नाही. "आपला साबन त्येलाचा हाय," ती म्हणाली, "त्यात हे कावून घालायचं?" पण बायकांना फेस पाहिजे होता. आमच्याकडं फेस आला म्हणजे मळ निघाला, असा हिशेब. फेस नाही म्हणजे दुकानदारानं फसवलं. हात वर झाले, अक्का एकटी पडली, आणि पुढच्या घाण्यात पावडर पडली.

आता फेस आला. पोरं परातीत फेसाच्या मिशा लावून नाचली. शेजारच्या गावातून बायका वड्या मागायला आल्या. अक्काच्या तोंडावर हसू दिसलं, आणि तिनं पोरीला नवीन दप्तर घेतलं.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. फेस करायला पाणी थोडं पुरतं, पण तो फेस काढायला पाणी लागतं. शहरात माणूस नळाखाली उभा राहतो आणि फेस आपला निघून जातो. आमच्याकडं घागर संपायची आणि फेस केसातच राहायचा. तो डोक्यावर वाळायचा. पंधरवड्यात खाज सुरू झाली, मग कोंड्यासारखे पापुद्रे, लहान पोरांच्या मानेवर लाल चट्टे. पहिल्या साबणानं मळ निघत नाही म्हणून ओरड होती, दुसऱ्या साबणानं तो साबणच निघेना. जो उपाय दुनियाभर चालतो, तो आमच्या घागरीत चालला नाही. सोसायटीच्या साबणानं डोक्याला किडे पडतात, अशी आवई उठली, आणि ती आमच्या वड्यांपेक्षा लांब गेली.

अक्कानं पुन्हा पहिला साबण करायचं सुचवलं. पण साबण म्हटलं की बायका डोकं खाजवून दाखवायच्या. दसरा झाला. मजूर न्यायला ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक आला, आणि अक्का, दाजी, पोरगी त्यात बसले. दप्तर घरी खुंटीला राहिलं. मला हे सगळं पत्रातून कळलं, आणि वसतिगृहाच्या न्हाणीघरात मी खूप रडले. पोरगी त्यानंतर शाळेत गेलीच नाही. पुढे तिचं लग्न झालं. आता तीही जोडीनं कोयत्यावर जाते.

गेल्या वर्षी अक्का कंबरेच्या दुखण्यासाठी माझ्याकडं अंबाजोगाईला राहायला आली. एके दिवशी न्हाणीतून तिनं हाक मारली. "बाई, ही तुजी शाम्पूची बाटली नासली बघ. घासून घासून हात दुखले, फेसच येईना."

मी दाराबाहेरून सांगितलं, "नासली नाही अक्का. त्यात फेसाची पावडर घालत नाहीत. कातडीला बरं असतं आणि धुवायला पाणी कमी लागतं. म्हणून तर महाग मिळतं ते."

आतलं पाणी ओतायचं थांबलं. मग ती म्हणाली, "म्हंजी लोक आता पैशे देऊन बिनफेसाचा घेतेत?"

"हो."

ती बाहेर आली. केस पुसत खाटेवर बसली. तिचे केस आता मूठभरच राहिलेत. मला वाटलं ती बोलेल, चिडेल, त्या बायकांना शिव्या देईल. मला तर त्या क्षणी सगळ्यांना शिव्या द्याव्याशा वाटत होत्या. त्या व्यापाऱ्याला, बोअरला, आभाळाला.

"आपला पयला साबन चांगला व्हता म्हन की," ती म्हणाली.

"चांगलाच होता."

"हे पोरीला बोलू नको." तिनं टॉवेल नीट घडी करून मांडीवर ठेवला. "तिला वाटतंय, मायनं केलता साबन वंगाळ, म्हनून शाळा गेली. तसंच वाटू दे. साबन चांगला व्हता तरी गेली म्हनल्यावर तिला झोप यायची न्हाई."

मी तिला काही बोललेले नाही. तोडीवरून परतताना भाची माझ्याकडं उतरते, आणि निघताना दुकानातून शाम्पूच्या पुड्यांची माळ घेते. "मावशी, ह्याला लई फेस येतोय," ती मला सांगते. मी म्हणते, "घे, घे."