आपले आपण वाढून घ्यावे

“तू जा गो आधी.”

“माका नको बाय. तूच जा, मी मागसून येतंय.”

भोजनगृहाच्या दारातल्या दोन बायकांचं हे बोलणं ऐकून मला आधी गंमतच वाटली. त्यांच्यामागे अंगणभर माणसं उभी होती. सगळ्यांच्या हातांत तिकिटं होती, आतून तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्याचा वास दरवळत होता, पण उंबरठा ओलांडायला कुणी तयार नव्हतं.

मी आदल्याच दिवशी मुंबईहून बोटीने मालवणला आले होते. आईचं माहेर जवळच्या मसुऱ्याचं, पण मी ते फक्त तिच्या बोलण्यातून पाहिलेलं. मी शिकले मिशनरी शाळेत. घरी आई मालवणीत बोलते आणि मी इंग्रजीत उत्तर देते. आम्हा दोघींनाही त्याचं काही वाटेनासं झालं आहे.

बोट खोल पाण्यातच थांबली आणि आम्हाला पडावात (मोठ्या होडीत) उतरवलं. समोर पाण्यातून सरळ वर आलेला सिंधुदुर्गाचा तट, मागे माडांची गर्दी, आणि पाणी इतकं हिरवं की हात बुडवला तर रंग लागेल असं वाटावं. आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. पण मी ओरडणाऱ्यांतली नव्हे. ट्रंक घट्ट धरून गप्प बसायला गेले आणि एक चप्पल समुद्रात पडली. खलाशाने ती वल्ह्याने अलगद उचलून माझ्यासमोर टाकली.

“घे गो बाय. दर्याक एकच पायताण काय कामाचां?”

सगळा पडाव हसला. मी ओली चप्पल घाईघाईने पायात सरकवली.

धक्क्यावर मामा न्यायला आला होता. विद्यापीठाने किनाऱ्यावर उघडलेल्या अभ्यासकेंद्राचा तो प्रमुख. त्याचे विद्यार्थी ओहोटीला खडकांवरून फिरत, खेकडे आणि शंख काचेच्या बरण्यांत भरत, आणि गावातली माणसं त्यांच्याकडे लांबूनच बघत. एकत्र जेवलं की ओळख होते, असं मामाचं ठाम मत. म्हणून केंद्राचं भोजनगृह दर रविवारी गावासाठी खुलं ठेवायचं त्याने ठरवलं होतं. तिकीट काढावं, हवं तेवढं जेवावं. मुंबईच्या वरिष्ठांनी कुरकुरत एका रविवारची परवानगी दिली होती. लोक जेवले तर पुढे चालू, नाहीतर दार बंद. ते बघायला एक साहेबही आले होते.

तोच हा रविवार.

आत लांबलचक टेबलावर टोप मांडले होते. बांगड्याचं तिखट सार, तिसऱ्यांचं सुकं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, उकड्या तांदळाचा वाफाळता भात आणि मातीच्या मडक्यात गुलाबी सोलकढी. बाजूला ताटांची चळत. भिंतीवर मामाच्या टपोऱ्या अक्षरांत पाटी : ‘आपले आपण वाढून घ्यावे.’ लोकांना मोकळं वाटावं म्हणून मामा स्वतः मुद्दाम लांब कोपऱ्यात उभा होता.

मला बुफे फार आवडतो. शाळेच्या समारंभांत मी तो पाहिला आहे. कुणी आग्रह करत नाही, कुणी काही विचारत नाही. ताट भरावं आणि कोपरा गाठावा. लाजऱ्या माणसासाठी याहून चांगली सोय नाही.

मामा हळूच म्हणाला, “सुमे, तू पुढे हो. कसं घ्यायचं ते बघूदेत त्यांना.”

मी ताट उचललं. दारातून लगेच माझ्याविषयी आवाज आले.

“बिचाऱ्या चेडवाक भूक लागली आसतली.”

“घेंवदे गो, मुंबयत काय मेळता तिका!”

मान खाली घालून मी पहिला घास घेतला. आणि काय सांगू! साराला तिरफळांचा (कोकणातल्या एका रानमसाल्याचा) असा झणका होता की डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांना अजून समुद्राची चव होती. आई मुंबईत हेच करते, पण ते असं लागत नाही. क्षणभर मी लोकांना विसरलेच.

वर पाहिलं तर पाटीभर मासळी विकून थेट बाजारातून आलेल्या काशीबाय उंबरठा ओलांडून माझ्यासमोर उभ्या. दारात दुसरीला पुढे ढकलणाऱ्या त्याच.

“गो बाय, हयची घरकारीण खंय आसा?”

“इथे घरची मालकीण अशी कुणी नाही. हे विद्यापीठाचं आहे,” मी पुटपुटले.

“विद्यापीठाक घरकारीण नसता? मगे आमका ‘जेवा’ म्हणतला कोण?”

दारातून एक म्हातारे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणत होते, काठी टेकत म्हणाले, “आमी काय हावरे, दुसऱ्याच्या टोपात आपणच हात घालूक? चल गो काशी, घराक पेज आसा.”

माणसं खरंच वळू लागली. रागाने नाही, अवघडून. साहेबांनी टोपी उचलली. “मी म्हटलंच होतं, प्रोफेसर. यांना हे नकोच आहे,” असं म्हणत ते मागच्या दाराने जीपकडे निघाले. मामा “थांबा, थांबा” करत त्यांच्यामागे धावला. त्याचा चेहरा रडवेल्या लहान मुलासारखा झाला होता.

खोलीत उरले मी आणि वाफाळणारे टोप. मामाला सगळं समजावून सांगायला वेळ नव्हता. आणि या माणसांना समजावण्यासारखं काही नव्हतंच. त्यांना फक्त कुणीतरी बोलवायला हवं होतं. आईच्या तोंडून मी ते मालवणी बोलावणं रोज ऐकत आले होते. माझ्या तोंडून मात्र ते कधी निघालं नव्हतं. माझं ताट बाजूला सारून मी हात धुतले, पदर खोचला, टेबलामागे जाऊन भाताचा डाव उचलला आणि अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

“आबा, खंय चललात? येवा हंय, ताट घेवा! काशीबाय, तुमीपण येवा. मी वाढतंय, पोटभर जेवा!”