तलावात पाणी दिसलं पाहिजे

पाणी समितीत बसल्यावर पाणी वाढो न वाढो, किस्से मात्र वाढत जातात. सांगताना हसू येतं, घरी गेल्यावर येत नाही. आमची समिती म्हणजे म्हसावदकडच्या एका गावातली चार माणसं. अध्यक्ष गिरधर अण्णा, केळीचे मोठे बागायतदार आणि मनानेही मोठे. सुपडू नाना, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. खालच्या पाड्यावरची भुरीबाई. आणि मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा मी. बैठक माझ्याच दुकानात, वार्निशच्या वासात.

काम एकच. गावाच्या वर मुरमाड माळ आहे, त्यावर पाझर तलाव. माळावरचं पावसाचं पाणी नाल्याने तलावात यायचं, तिथे जमिनीत मुरायचं आणि खाली पाड्याच्या हातपंपाला लागायचं. पाड्याला दुसरं पाणी नाही. हे चालू राहावं म्हणून नियम करायला आणि ते राखायला ग्रामसभेने आम्हाला बसवलं.

*

नाल्यात बांधकाम करायचं नाही, हा पहिला नियम. सगळ्यांना कळावा म्हणून पाटी लावायचं ठरलं. ठेकेदार कामाचा पक्का. पाटी हलू नये म्हणून त्याने नाल्याच्या तोंडाशीच सिमेंटचा चौथरा घातला.

मोठा पाऊस झाला तेव्हा पाणी चौथऱ्यावर आपटून वळलं आणि रस्त्याने निघून गेलं. नाना छत्री धरून बघत होते.

"नियम मोडनारा सापडी गया," ते म्हणाले. "हाई पाटी."

नोटीस कोणाला काढायची यावर आमच्या बैठका झाल्या. चौथरा फुटेपर्यंत पावसाळा संपला होता.

*

सांडपाणी जमिनीत सोडायचं नाही, हा दुसरा नियम. पण एका शिबिरात सांगितलं गेलं, की कोरड्या बोअरमध्ये पावसाचं पाणी गाळून सोडा, भूजल वाढतं. गावातल्या एका शेतकऱ्याने अर्धंच ऐकलं. त्याने गाळणखड्डा केला नाही, आणि पाऊसही लांबला होता, म्हणून गल्लीची गटारच बोअरमध्ये सोडली.

काही दिवसांनी भुरीबाई दुकानात आली. हातपंपाच्या पाण्याची बाटली तिने टेबलावर ठेवली आणि हलवली. वर फेस आला.

"आते आमना पाडाले साबन लागत नही," ती म्हणाली. "पंपमाच येस."

नाना खूप हसले. तिची नात दवाखान्यात आहे, हे तिने त्यानंतर सांगितलं. नाना चहा तसाच ठेवून बोअरमधली गटार बंद करायला निघाले.

*

तलावाची तपासणी करायला साहेब आले ते दिवाळी होऊन गेल्यावर. तलाव कोरडा, तळाला भेगा. म्हणजे सगळं ठीक होतं. पाणी मुरलं होतं, आणि खाली पाड्यावर हातपंप भरभरून चालू होता.

साहेबांनी शेरा मारला: तलावात पाणी टिकत नाही, काम असमाधानकारक.

मी म्हटलं, "साहेब, पाझर तलाव आहे. पाझरणारच."

"ते मला कळतं हो," ते म्हणाले. "पण फोटोत काय दाखवू?"

मागून भुरीबाईने विचारलं, "सायेब, पानी दखानं शे का पेवानं?"

गाडी सुरू झाली होती. त्यांना ऐकू आलं की नाही, माहीत नाही.

*

तो शेरा अण्णांच्या जिव्हारी लागला. त्यांच्या शेततळ्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला आहे, पाणी भर उन्हाळ्यातही तुडुंब. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी स्वतःच्या खर्चाने तसाच कागद पाझर तलावात टाकायला घेतला.

नाना आणि मी त्यांच्या घरी गेलो.

"अण्णा, तो तलाव पानी जिरासाठीच शे," नाना म्हणाले.

अण्णांनी आमच्यापुढे केळी ठेवली. "जिरी जास, तेच ते दुखनं शे ना, नाना. आते एक थेंब जाऊ देत नही."

अण्णा शब्दाचे पक्के. एक थेंब गेला नाही.

*

होळीच्या आधीच हातपंपाचा दांडा नुसता वाजू लागला. पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन तलावावर गेल्या. समितीने ठेवलेल्या राखणदाराने अडवलं. तलावातून कोणी पाणी उपसू नये, हाही आमचाच नियम. बाया भांडायला उठल्या, तर भुरीबाईनेच त्यांना आवरलं.

"चाला वं," ती म्हणाली. "नियम करनारी मीच शे."

रिकामे हंडे घेऊन त्या माळ उतरल्या.

*

मग साहेब पुन्हा आले. तलाव काठोकाठ भरलेला, कडेने काळा कागद डोकावत होता, पाण्यात आभाळ दिसत होतं. फोटो निघाले. तलावाच्या बांधावरच मंडप घालून गावाचा सत्कार झाला. भुरीबाई सदस्य, म्हणून तिलाही शेवटची खुर्ची मिळाली.

अण्णांनी भाषणात पाड्यावरच्या लोकांना हात जोडले. नाटक नव्हतं ते, माणूस खरंच आनंदात होता. म्हणाले, "पाडाना लोकेसनी भलतं सोसं. भुरीबाई, आज तू जे मांगशी ते देस. साडी मांग, हंडा मांग."

भुरीबाई उभी राहिली. पदर सारखा केला.

"साडी नको, अण्णा. एक दाभन दे."

मंडपात हशा पिकला. साहेबही हसले.

"दाभन?" अण्णा म्हणाले. "गोदड्या शिवाले का?"

"काम शे," ती म्हणाली. "जरा लांब दे."

अण्णांनी लगेच मोटारसायकलवर माणूस घरी पाठवला, कापसाच्या गोण्या शिवायचा सगळ्यात लांब दाभण मागवला, आणि टाळ्यांच्या गजरात स्वतःच्या हाताने तिला दिला.