उसाच्या चिखलावरून

वडील पलटणीत ट्रक चालवायचे. निवृत्त होऊन गावी आले, तरी दुसरा कुणी गाडी चालवत असला की डोळ्याला डोळा लागू द्यायचे नाहीत. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्यानं जागं राहायचं, हा त्यांचा तिकडचा नियम. मी चालवत असले की नुसते जागे नसायचे. उजवा पाय दाबून नसलेला ब्रेक मारत राहायचे. माझं डोकं फिरायचं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गाडी नाइलाजानं माझ्याकडे आली, पण किल्ली नाही. घरी पोचलं की ते हात पुढं करायचे आणि किल्ली खिळ्याला अडकवायचे. कायमची कधी देणार, असं विचारलं तर म्हणाले, साखर कारखाने चालू असताना एकदा पावसात चालवून दाखव.

तसा दिवस आलाच. कराडला डोळे दाखवून परतताना अवकाळी पाऊस कोसळला. ऊसतोड चालू असली की आमच्याकडचे ट्रॅक्टर शेतातली काळी माती चाकांना घेऊनच डांबरीवर येतात. ती भिजली की रस्त्याला लोणी फासल्यासारखं होतं.

वळणापुढचा रस्ता काळा दिसला तशी मी वेग कमी केला, दुसरा गिअर टाकला आणि चिखलावर ब्रेकला पायच लावला नाही. पुढं उसाची ट्रॉली होती. तिच्यापासून लांब राहिले, तर मधल्या जागेत एक मोटरसायकलवाला घुसला. शिवी गिळली आणि आणखी मागं राहिले. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. वडील मात्र काहीच बोलेनात. माझ्या चुका मोजत असणार, गेली किल्ली, असं मी धरूनच चालले.

मागच्या सीटवरून आई हळूच म्हणाली, "अगं, ह्यांचा डोळा लागलाय."

मी बघितलं. मान खिडकीकडं कललेली, उजवा पाय सैल पडलेला. त्या हट्टी म्हाताऱ्याबद्दल मला इतकं प्रेम दाटून आलं, की रडूच येणार होतं. पण डोळे पुसायला स्टिअरिंग सोडावं लागलं असतं, म्हणून रडले नाही.

दारात गाडी थांबली तसे ते दचकून जागे झाले आणि आपण झोपलोच नव्हतो असं सांगत उतरले. मी सवयीनं किल्ली पुढं केली.

"ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," ते म्हणाले. "उद्या फलटणला जायचं हाय. मी मागं बसतो, पाय पसरून."