ओढ्यापलीकडून ऐकू येणारी जीप

लातूर जिल्हा नवा झाला त्या दिवसांत आमच्याकडं दोनच गोष्टी मुबलक होत्या : ऊन आणि साहेब. पावसानं तोंड फिरवलेलं, ओढ्याच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळायची, आणि तिकडं लातूरला रोज एक नवी खुर्ची, एक नवी पाटी. खुर्च्या आल्या, साहेब आले, साहेबांना हिंडवायला गाड्या मात्र पुऱ्या पडेनात. तिथं आमच्या धोंडप्पाचं नशीब उघडलं. दुष्काळी कामं बघत फिरणाऱ्या एका साहेबासाठी त्याची जीप भाड्यानं लागली आणि काचेवर तांबड्या अक्षरांत ‘शासकीय कामासाठी’ अशी पाटी आली. त्या दिवसापासून धोंडप्पा मान वळवून बघायचा बंद झाला. मागं बघायचं असलं तर सगळाच्या सगळा वळायचा.

जीप त्याच्या लग्नाच्या वर्षीची, तीही दुसऱ्याच्या हातची. तिचा मीटर नऊवर नऊ दाखवत दाखवत एके दिवशी शून्यावर आला, तेव्हा या पठ्ठ्यानं गावात पेढे वाटले होते. म्हणे, गाडी नवी झाली! शून्यावर येण्याची ती दुसरी खेप होती, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पेढे चांगले होते.

तिचा आवाज काय सांगू? सुरू होताना खोकायची, मग खाकरायची, आणि पळायला लागली की पत्र्याच्या डब्यात खडे भरून तो गाढवाच्या शेपटीला बांधावा तसा गलका. चढाला लागली की फटाके. ती ओढ्यापलीकडं असली तरी अलीकडं गावात दूध काढणाऱ्या बाईच्या हातची धार चुकायची.

आता या आवाजाची गंमत अशी, की तो सगळ्या मुलखाला ऐकू यायचा, पण त्याचा अर्थ एकट्या धोंडप्पाला कधी कळला नाही. त्याच्याएवढा समाधानी माणूस मी पाहिला नाही. जाईल तिथं त्याला जग अगदी जागच्या जागी सापडायचं. माळावर रोजगार हमीचं खडी फोडायचं काम चालू होतं. तिथं साहेबाला घेऊन गेला की पन्नास हातोडे एका तालात पडताहेत, मुकादम निवृत्ती छाती काढून उभा! परतताना साहेब म्हणायचे, “काय कष्टाळू लोक आहेत हो!” आणि धोंडप्पा स्वतःच खडी फोडून आल्यासारखा लाजायचा.

घरी तर विचारूच नका. पारावर बसून तो आम्हाला दर आठ दिवसांनी एकदा तरी ऐकवायचा, “वीस वर्षं झाली संसाराला. मी दारात पाय ठिवला आन् भाकरी तव्यावर न्हाई, असं एक दिवस झालं न्हाई. टम्म फुगलेली! नागम्माला आतून कळतं.”

“आतून?” मी विचारायचो.

“हाव, आतून.”

पारावरची सगळी मंडळी मग एकदम आपापल्या वहाणांकडं बघायला लागायची.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना एके दिवशी जीप भर उन्हात, आसपास झाडाची काडी नसलेल्या जागी बंद पडली. आठवड्यातली तिसरी खेप. साहेब उतरले, पांढऱ्या सफारीत धक्का मारू लागले, आणि गाडीनं सुरू होता होता असा काळा धूर सोडला की साहेब अर्धे पांढरे, अर्धे काळे झाले. गाडीत बसून ते एवढंच म्हणाले, “धोंडप्पा, सोमवारपर्यंत इंजन बदला. नाहीतर ती पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावू.”

धोंडप्पानं साहेबाला मुक्कामी सोडलं. तो तसाच लातूरला खाजामियाँ मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं बोनेट उघडलं, कान लावला आणि बोनेट हळूच खाली केलं.

“धोंडप्पा, ये इंजन नै, दमे का मरीज है. कितने बार बोअर करूँ? अब छेद च छेद रह गया, लोहा किधर है? दूसरा बिठाव.”

पण वीस वर्षांची सोबत. धोंडप्पानं गावाचं मत घ्यायचं ठरवलं. आणि काय सांगता, जो तो इंजनाच्या बाजूनं! मुकादम निवृत्ती म्हणाला, जुन्या लोखंडात जो जीव असतो तो नव्यात नसतो. खडीवरची पारूबाई, जिच्या जिभेला सगळं गाव टरकून असायचं, ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, “मामा, तुमच्या गाडीचा आवाज आला की आमाला धीर येतो बगा.” बदल म्हणणारा एकटा मीच, आणि मला पारावरून उठवलं.

शेवटी त्यानं नागम्माला विचारलं. ती बाई इंजनासाठी चक्क रडली. “अवो, त्यानं आपला संसार ओढला. म्हातारं झालं म्हनून घराबाहीर काढता व्हय?” धोंडप्पालाही हुंदका आला. पण सोमवार काही हुंदक्यानं थांबत नाही. त्याला वाटलं, पाटी गेली तर आपण काय? पुन्हा बाजाराच्या दिवशी बाया आणि कोंबड्या भरायच्या.

घोळ बघून खाजामियाँनं तोड काढली. स्वतःच्या जीपमध्ये त्यानं तसलंच दुसरं इंजन बसवलं होतं. “मेरी गाडी ले जा, एक दिन चला के देख. दिल लगा तो तेरे में वैसाच बिठाता.”

ती जीप धोंडप्पानं बाहेर काढली आणि त्याला आधी वाटलं, आपण बहिरे झालो. इंजन चालू आहे की नाही ते बघायला दोनदा उतरला. मग मजेत निघाला, एकटाच, आणि वाटेत माळावर वळला.

एकही हातोडा वाजत नव्हता. सगळं काम लिंबाच्या सावलीला आडवं झालेलं. मुकादम निवृत्ती खडीच्या ढिगावर घोंगडं टाकून घोरत होता. बाया एकमेकींच्या उवा बघत होत्या. पारूबाईनं सहज वर पाहिलं आणि किंचाळली, “अगं बया! मामा, तुमी? आन् तुमची गाडी कुठं हाय?”

“आज हीच की.”

“मग वरडली कशी न्हाई?”

धोंडप्पा हळूहळू उलगडा होत असलेल्या माणसासारखा उभा राहिला. “म्हंजी माझी गाडी ऐकून तुमी...”

“मग काय! येवढ्या उन्हात बसू नये का मानसानं? खडी मोजूनच पैशे देतात. सकाळच्या गारव्यात फोडून ठिवतो की आमी. पन तुमच्या साहेबाला बसलेला मानूस बघवत न्हाई, त्याला आमी काय करावं?”

धोंडप्पा गाडीत चढला. तिथंच त्याच्या डोक्यात दुसरा विचार शिरला आणि त्यानं गाडी सरळ घराकडं हाणली.

दाराला कडी. आत चूल गार, तवा भिंतीला टेकलेला. चार घरं पलीकडच्या नागुबाईच्या ओसरीवरून मात्र हसण्याचा गलका येत होता. नागम्मा मधोमध बसून कुणाची तरी नक्कल करत होती. कुणाची ते मी सांगणार नाही. स्टिअरिंग धरल्यासारखे हात, ताठ मान, आणि आवाज, “नागम्माला आतून कळतं!”

समोरच्या बायांनी भराभर पदर सावरले. नागम्मानं मागं पाहिलं. नवऱ्याला बघून तिचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

धोंडप्पा रागावला नाही. पारावर येऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, “वीस वर्षं, गाडी वढ्याला वाजली की घरापर्यंत पळत आली असंल रे ती. उन्हातान्हात.”

संध्याकाळी त्यानं घरी परत तेच विचारलं, “सांग. बदलू का नगं?”

नागम्मानं या खेपेला डोळ्याला पदर लावला नाही. म्हणाली, “बदला. पळून पळून माजे गुडघे गेले. याल तवा या. चूल पेटली असंल तर गरम खा, न्हाईतर गार खा.”

सोमवारी पाटी शाबूत राहिली. नवं इंजन इतकं गोड चालायला लागलं की साहेबाला गाडीत डुलकी येऊ लागली. माळाच्या वळणाला मात्र धोंडप्पा लांबलचक हॉर्न द्यायचा. साहेब दचकून उठायचे, “अहो, रस्त्यावर कुत्रं नाही, हॉर्न कुणाला?”

“नवं इंजन हाय साहेब, रस्त्याशी वळख करून देतोय.”

गावात शिरताना मात्र हॉर्न नाही. गाडी वेशीजवळच्या लिंबाखाली हळूच लावायची, वहाणा हातात घ्यायच्या आणि नागुबाईच्या ओसरीच्या कडेला टेकायचं. पहिले चार दिवस बाया बोलायच्या थांबल्या. पाचव्या दिवशी नागम्मानंच सरकून त्याला जागा करून दिली, आणि अर्धी राहिलेली हकिकत तशीच पुढं चालू केली.

तिनं पुढं सरकवलेल्या परातीतली गार भाकरी धोंडप्पानं मोडली, घास तोंडाशी नेला, तसाच धरला आणि म्हणाला, “हाव, मग? पुढं काय म्हनली ती?”