घरच्या पिचरची बोली

"पस्तीस? बाबा, सिरियसली? शंभरातले पस्तीस, माझ्यावर?"

"हळू बोल. बाहेर सगळे येऊन बसलेत."

"मग बसू दे ना! त्यांना पण कळू दे, वॉटफर्डच्या कोचचा डोकं फिरला आहे."

"डोकं ठिकाणावर आहे माझं. तू फक्त इथे सही कर. अकराच्या आत फॉर्म द्यायचाय."

"आणि टीमचं काय? दुसरा पिचर कुठून आणणार? डॉक्टरची लेटर तिकडे टेबलवर फाइलमध्ये आहे, सगळ्यांनी वाचली आहे. या सीझनला मॅचमध्ये तीस बॉल, त्यावर एक नाही. तीस बॉलच्या पिचरला पस्तीस पॉइंट्स! ओपन बोलीत मी बाराला मिळेन. दहाला पण."

"एकदा तसं करून बघितलंय मी."

"हो," उर्वी म्हणाली. "बघितलंय."

आणि तिने चहाच्या मोठ्या टाकीचा नळ असा काही पिळला, की जणू सगळा दोष त्या नळाचाच होता.

वॉटफर्डमधल्या एका चर्चच्या मागे हा हॉल. हॉलला लागून हे बोटभर स्वयंपाकघर, आणि मधल्या भिंतीत चहा-बिस्किटं पलीकडे सरकवायला एक खिडकी, तिला लाकडी फळी. आज ती फळी खाली ओढलेली होती. उर्वीनेच आल्या आल्या ओढली होती. फळीपलीकडे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते आणि अलीकडे ओट्यावर, बिस्किटांच्या पुड्याशेजारी, तो फॉर्म पडला होता. प्रबुद्ध गजभियेची सही झालेली होती. खालची ओळ कोरी होती.

प्रबुद्ध आता अठ्ठेचाळीसचा. सोमवार ते शुक्रवार एका हॉस्पिटलच्या खरेदी विभागात. हातमोजे, बँडेज, खुब्याचे कृत्रिम सांधे, काय घ्यायचं, कुणाकडून, केवढ्याला, हे ठरवणं त्याचं काम. माणूस असा चोख, की घरी कोथिंबिरीची जुडी आणली तरी दोन दुकानांतल्या काड्या मनात तोलून आणायचा. स्नेहल, त्याची बायको, म्हणायची, "माझ्याशी लग्न केलंस तेव्हा कोटेशन किती मागवली होतीस रे?" तो म्हणायचा, "एकच. सिंगल टेंडर. म्हणून तर ऑडिटला अजून उत्तरं देतोय."

आणि रविवारी तो बेसबॉलचा कोच. नागपूरच्या इंदोऱ्यात व्हॉलीबॉल खेळत वाढलेला माणूस बेसबॉलमध्ये कसा पडला, याची गोष्ट साधी होती. उर्वी सात वर्षांची असताना तो तिला क्रिकेटला घालायला गेला, तर तिथे वर्षभराची वेटिंग लिस्ट. शेजारच्या मैदानावर बेसबॉलवाले मुलांची वाटच बघत होते. ग्लोव्ह फुकट, पहिला महिना फुकट. दुसऱ्या महिन्यात त्यांचा कोच गाव सोडून गेला आणि शिट्टी प्रबुद्धच्या गळ्यात पडली. त्याने रात्रंदिवस नियम पाठ केले. उर्वीने काही पाठ केलं नाही. ती पिचर झाली. पिचर म्हणजे टेकाडावर उभं राहून चेंडू टाकणारा. तो चांगला असला की अर्धी मॅच तिथेच जिंकली. उर्वीच्या चेंडूला वेग बेताचा होता, पण पोस्टमनने पत्र टाकावं तसा तो सांगितलेल्या पत्त्यावर पडायचा.

जिल्ह्याच्या ज्युनियर लीगमध्ये सहा क्लब. मुलं एका वयोगटातून दुसऱ्यात गेली की मार्चमध्ये ड्राफ्ट व्हायचा. प्रत्येक कोचला शंभर पॉइंट्स. एकेका मुलाचं नाव पुकारायचं, कोचांनी बोली लावायची, आणि कुणाला केवढ्याला घेतलं हे मुलांना कधीही सांगायचं नाही. एकच सवलत होती: कोचला स्वतःचं मूल हवं असेल, तर ते बोलीत जात नाही, सरसकट पस्तीस पॉइंट्स मोजायचे, मूल आपलं. मोठ्या गटात मात्र त्या फॉर्मवर मुलाचीही सही लागायची. आईबापांनी लेकराला कान धरून ओढू नये म्हणून.

चार वर्षांपूर्वी उर्वी दहाची होती. पहिला ड्राफ्ट, हाच हॉल. प्रबुद्धने पस्तीसची सवलत घेतली नाही.

त्याचं एक कारण हिशेबी होतं. मुलगी विसाला सुटेल, पस्तीस कशाला? दुसरं कारण जुनं होतं. बाविसाव्या वर्षी विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल टीमच्या यादीत त्याचं नाव बारावं होतं. सकाळी त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. दुपारी तीच यादी नव्याने टाइप होऊन आली, आणि बाराव्या जागी निवड समितीतल्या साहेबांचा भाचा बसला होता. त्या दिवशी त्याने मनाशी गाठ मारली, की आपल्या हातात कधी यादी आली तर आपलं माणूस म्हणून कुणाला त्यात घुसवायचं नाही. म्हणून उर्वीचं नाव सगळ्यांसारखंच पुकारलं गेलं.

"वीस," प्रबुद्ध म्हणाला.

"बावीस," ग्रॅहम म्हणाला. हा ग्रॅहम निवृत्त बसचालक, डोक्यावर बारा महिने कापडी टोपी, मनाने सोन्यासारखा.

"पंचवीस."

"सव्वीस. सॉरी प्रॅब, पण पोरगी झकास आहे."

प्रबुद्धला जोएल नावाचा एक उंच, तुफान वेगाचा मुलगा हवा होता, आणि त्याच्यासाठी पंचाहत्तर हाताशी असावेत असा त्याचा अंदाज होता. पंचविसाच्या वर गेलो तर जोएल गेला. त्याने हात खालीच ठेवला. पुकारणाऱ्याने तीनदा विचारलं, तीनदा त्याने पाण्याच्या ग्लासाकडे बघितलं. उर्वी सव्वीसला ग्रॅहमच्या टीममध्ये गेली.

अर्ध्या तासाने जोएल एकसष्टला मिळाला. म्हणजे पस्तीस मोजूनही दोघं आली असती. हे गणित त्याने त्यानंतर इतक्यांदा केलं, की आता त्याला कागद लागत नाही. आणि तो जोएल एक सीझन खेळून आईबापांबरोबर लीड्सला गेला, फुटबॉलमध्ये रमला.

नागपूरहून आई, कांताबाई, फोनवर म्हणाली होती, "काहून रे बाबू, घरची पोट्टी सोडून लोकाचा पोट्टा घेतला तुनं?"

"आई, सगळ्यांना सारखा नियम लावला मी."

"नियमातच तर होतं न मंग, आपलं लेकरू घ्याचं? चोरी थोडीच होती?"

तो लाइन खराब आहे म्हणाला.

ग्रॅहमच्या टीममध्ये उर्वीने सव्वीस नंबरची जर्सी मागून घेतली. प्रबुद्धची छाती फुगली. सव्वीस नोव्हेंबर, संविधान दिन! विहारात वंदनेनंतर तो चारचौघांना सांगायचा, "आम्ही काही शिकवलं नाही हो, तिचं तिनेच निवडलं." लोक कौतुकाने माना डोलवायचे. स्नेहल चपला शोधायला जायची.

त्या नंबरचं खरं कारण कळलं गेल्या सप्टेंबरात, हॉस्पिटलच्या एक्सरेबाहेरच्या बाकावर. आदल्या दिवशीच्या सेमीफायनलनंतर उर्वीला सकाळी दुधाची बाटली उचलवेना. कोपराजवळच्या वाढत्या हाडाचा तुकडा ओढला गेला होता. प्रबुद्ध काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "सव्वीस नंबर आहे, लढाऊ आहे, होईल बरी."

"पुरे कर," स्नेहल म्हणाली. "त्या दिवशी चहाची ड्यूटी माझी होती. ही आत माझ्याबरोबर कप पुसत होती आणि खिडकी उघडी होती. ग्रॅहमने तिला केवढ्याला घेतलं ते तिने ऐकलं. तू कुठे थांबलास तेही ऐकलं."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"तिने शपथ घातली होती. आणि तू विहारात संविधान सांगत फिरत होतास. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

ही सगळी गोष्ट आज ओट्यावरच्या त्या कोऱ्या ओळीत अडकून बसली होती. ग्रॅहमही आता मोठ्या गटाचा कोच झाला होता आणि तीस बॉलची असली तरी उर्वी त्याला हवीच होती. तसं त्याने उघड सांगितलं होतं. प्रबुद्धला यंदा पुन्हा ग्लासाकडे बघत बसायचं नव्हतं.

"पॉइंट्स माझे आहेत," तो म्हणाला. "मी कुठेही घालवीन."

"टीमचे आहेत. बारा मुलं आहेत टीममध्ये. तुम्ही त्यांचे पॉइंट्स घेऊन मला सॉरी म्हणताय."

"मग कसं म्हणू? सांग. तू सांगशील तसं म्हणतो."

उर्वीने एक कप पुसला, तोच पुन्हा पुसला. उजवा हात अजून पुरता सरळ होत नव्हता. ती कप डाव्या हाताने फिरवत होती. मग ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "तुमच्या टीममध्ये आले तर मी बेंचवर बसणार नाही. तीस बॉल झाले की फर्स्ट बेसला फील्डिंग करणार. आणि घरी येताना गाडीत बेसबॉल नाही बोलायचा."

ती यायला तयार होती. एवढ्यावर थांबून पेन पुढे करायचं होतं. पण चार वर्षं तुंबलेला माणूस. एक दार किलकिलं झालं की सगळंच बाहेर येतं.

"गाडीत एक शब्द नाही बोलणार," तो म्हणाला. "आणि हे बघ, तीस म्हणजे तीस. मी स्वतः मोजीन. माझ्याकडे असतीस तर त्या सेमीफायनलला मी तुला एक्याण्णव बॉलपर्यंत जाऊच दिलं नसतं गं."

उर्वीचा हात थांबला.

"एक्याण्णव?"

प्रबुद्धने ओट्यावरचा बिस्किटांचा पुडा उगाच सरळ केला.

"ग्रॅहम म्हणाला पंचाहत्तरच्या आसपास. स्कोररचा पान पावसात भिजला, कोणाला नंबर माहीत नाही. तुम्हाला कसा माहीत?"

प्रबुद्धने जॅकेटच्या खिशात हात घातला. बोटांना बॉल मोजायचं यंत्र आपोआप सापडलं. अंगठ्याने दाबायचं, आकडा पुढे सरकवणारं, लिंबाएवढं. त्याने ते ओट्यावर ठेवलं. सप्टेंबरपासून त्याने ते शून्यावर आणलं नव्हतं. यंत्राच्या काचेत ९१ दिसत होते.

"तू मोजत होतास," उर्वी म्हणाली. चिडली की ती 'तुम्ही'वरून 'तू'वर यायची. पण आत्ता तिचा आवाज चिडका नव्हता.

"या वयात पंचाहत्तरच्या वर जाऊ नये, एवढी नुसती सूचना आहे लीगची. सक्ती नाही. ग्रॅहम तुला दर वेळी विचारत होता, तू अंगठा दाखवत होतीस..."

"मी तेरा वर्षांची होते."

"ऐंशीनंतर तू हात झटकायला लागलीस ते दिसलं मला. वीस पावलांवर तर उभा होतो. पण मी समोरच्या टीमचा कोच, उर्वी. आम्ही एका रनने मागे. मी जाऊन म्हटलं असतं हिला बाहेर काढा, तर लोक म्हणाले असते, पोरीचं निमित्त करून मॅच मारली."

"लोक."

"मला वाटलं, आत्ता संपेल. पुढचा बॅटर आउट होईल आणि संपेल. प्रत्येक बॉलला वाटलं."

एक्याण्णवाव्या चेंडूवर मॅच संपली होती. ग्रॅहमच्या पोरांनी उर्वीला उचलून घेतलं होतं, आणि टाळ्या वाजवण्यासाठी प्रबुद्धला खिशातला हात बाहेर काढावा लागला होता. हे मात्र त्याने सांगितलं नाही.

फळीवर टकटक झाली. "पाच मिनिटं, प्रॅब!" पलीकडून ग्रॅहमचा आवाज. "आणि चहा मिळणार आहे की तोही बोलीत घ्यायचा?"

पलीकडे हशा पिकला. प्रबुद्धने पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

"उर्वी," तो म्हणाला, "पस्तीसचं राहू दे. टीमचं राहू दे. तुला माझ्याकडे यायचंय का, एवढंच सांग. हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं."

उर्वीने डाव्या हाताने फळी वर ढकलली. हॉलमधला उजेड आणि गलका एकदम आत आला. तिने कपांचा ट्रे ग्रॅहमच्या पुढ्यात सरकवला. ते यंत्र उचललं, वारा लागून कागद उडू नये अशा बेताने फॉर्मवर मधोमध ठेवलं. मग सही न करताच खुर्चीवरचा कोट घेतला, खांद्याने मागचं दार उघडलं आणि निघून गेली.