वाळूच उरली नव्हती

माझे थोरले भाऊ, यशवंतदादा, अंगणात आले की आधी बोट ओलं करून वर धरायचे. वारा कुठून येतोय ते कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. दिवेआगरच्या पोफळीच्या वाडीत वाढलेला हा मुलगा विलायतेला विमान शिकायला निघाला, तेव्हा गावाने वेड्यात काढलं. "वर गेल्यावर वशिला चालत नाही," दादा म्हणाले, "म्हणूनच जातोय."

पुढे कराचीला ते एका लहानशा हवाई तुकडीचे प्रमुख झाले. साहेबांच्या शेजारी खुर्ची मिळाली तरी पत्रात तेच असायचं: वारा, पाऊस आणि आईची तब्येत.

आई तापाने अंथरुणाला खिळली. मी तार केली. दादांची उलट तार आली: कामासाठी मुंबईला विमान आणतोय, गुरुवारी दुपारी तसाच पुढे येऊन आपल्या पुळणीच्या वाळूवर उतरतो.

गुरुवारी विमानाचा आवाज आला आणि सारं गाव किनाऱ्याकडे धावलं. मीही धावले. उधाणाची भरती होती. पाणी पार केवड्यापर्यंत चढलेलं.

"ताय, वाळूच न्हाय उरली," रामा कोळी म्हणाला. "त्यो उतरनार कुटं?"

विमानाने तीन घिरट्या घातल्या. तिसरी इतकी खाली, की दादांचा चष्मा मला दिसला. मी पदर हलवत ओरडत राहिले. काय ओरडत होते, देव जाणे. मग विमान उत्तरेला वळलं. त्यांना दिवस मावळायच्या आत मुंबई गाठायची होती.

घरी आईने विचारलं, "यशवंत आला ना?"

"आला, आई."

"मग आत का येत नाही?"

मी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. पहाटे ती गेली.

दादा आठव्या दिवशी बोटीने आले. एवढा कडक अधिकारी, ओसरीवर बसून टोपी हातात फिरवत राहिला. पुढे ते हवाई दलात फार वर चढले. पण मला दादा आठवतात ते असेच.

"आईनं मला पाहिलं का गं?" त्यांनी विचारलं.

ती खाटेवरून उठलीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, "हो. अंगणात आणलं होतं तिला. हात हलवला तिनं."

त्यांनी टोपी बाजूला ठेवली.

"बरं झालं," ते म्हणाले. "मला वरून अंगण दिसलंच नाही. नुसत्या पोफळी दिसल्या."