साडी, चढ आणि ट्रिपल चेनव्हील

नोव्हेंबर १९९३, सोमवार सकाळ. नारपोलीतल्या माझ्या दुकानात मी नव्या गिअरच्या सायकलीची ब्रेकवायर ताणत होते. खारबावकडच्या पाड्यांवर लसीकरणाची ड्युटी असलेली गायकवाड सिस्टर आपल्या सासूबाईंना घेऊन आली.

"ताई, पाड्याचा चढ माझ्या सायकलीला झेपत नाही. उतरून ढकलते. पोचेपर्यंत बाया भातकापणीला गेलेल्या, पोरं लसीवाचून राहतात. साहेब म्हणाले, या बुधवारीही उशीर झाला तर तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवतो."

पेडलजवळच्या दातेरी चाकाला आम्ही चेनव्हील म्हणतो. मी तिला समजावलं. सिंगलला एकच चेनव्हील, बिघडायला काही नाही. डबलला दोन, मोठं सपाटीला आणि लहान चढाला. ट्रिपलला आणखी लहान तिसरं, म्हणजे पाय भराभर फिरतात, जोर कमी लागतो.

"तू ट्रिपल घे," मी म्हटलं.

सासूबाई मध्येच बोलल्या, "ट्रिपल न्हाय. ती एकलीच जाते. ट्रिपल शीट बसवली तं पोलीस धरतील."

"आजी, सीट नाही. चाकं तीन."

"तीन चाकं? मंग रिक्षाच घे ना."

माझा एक नियम आहे. सायकल घेण्याआधी ड्युटीच्या कपड्यांत, ड्युटीचं ओझं लादून चालवून दाखवायची. मंगळवारी सिस्टर पांढऱ्या साडीत सासूबाईंसह आली, कॅरियरला लशींचा बर्फाचा डबा बांधून. दुकानाजवळच्या पुलाचा चढ ती ट्रिपलवर गप्पा मारत चढली. उतरताना मात्र थांबली. साडीचा काठ चेनमध्ये गुंतला होता. सोडवला तेव्हा तो काळा आणि फाटका निघाला.

एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर सरकायला चेनला मोकळी जागा लागते, म्हणून पूर्ण चेनकव्हर बसत नाही. डबललाही तेच.

"पँट चालेल?" मी विचारलं.

"युनिफॉर्म साडीच आहे." तिनं सासूबाईंकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बघतंस? तुज्या साहेबाला इचार."

साहेबाला विचारण्यात बुधवार गेला असता. मी तिची जुनी सिंगलच घेतली. चेनव्हील उतरवून कमी दातांचं बसवलं, चेनच्या कड्या कमी केल्या, कव्हर परत चढवलं. "चढ जमेल. सपाटीवर हळू जाशील, लवकर निघ."

बुधवारी दुपारी ती दुकानात आली. "सगळ्या बाया घरीच सापडल्या. डबा रिकामा."

"आणि सपाटीवर?"

"एक म्हातारा दूधवाला पुढं गेला. वर म्हणतो, सिस्टर, हवा कमी हाय का?"

सायकल निवडताना आधी रस्ता बघावा, मग कपडे, दुकानदाराचं शेवटी ऐकावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रिपल दाराशी टांगली आणि खाली पाटी लावली: 'फक्त पँटवाल्यांसाठी'. पहिलं गिऱ्हाईक यंत्रमाग कारखान्यातला, लुंगीतला लूममास्तर. मी त्याला सिंगल दाखवली.